बिराजदार सरांची चार बोटं

बिराजदार सरांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. त्यांच्यासाठी मी कायम ‘न्हावाशेवा’. पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गातल्या प्रत्येकाला विचारलं होतं, ‘कुठनं येताय ओ?’ आणि ज्याने जे सांगितलं ते त्याला चिकटलं ते चिकटलंच. मी तेव्हा न्हावा शेवा बंदरावर एका कस्टम एजंटच्या ऑफिसात नोकरीला होते. सकाळी साडेसातचं लेक्चर करायचं आणि धावत बस गाठायची. शेजारच्या बाकावरचा नितीन भोईर करावे गावचा, म्हणून तो ‘करावे’. मागे बसणारा कौस्तुभ महाप्याच्या एका आयटी कंपनीतून रात्रपाळी संपवून थेट वर्गात यायचा, तो ‘महापे’. आज आम्ही तिघंही बेलापूरच्या कोर्टात वकिली करतो. नावाच्या पाट्या आहेत, काळे कोट आहेत. पण कोर्टाच्या आवारात सर दिसले की आम्ही आपले न्हावाशेवा, करावे आणि महापे. म्हणजे होतो. आता सर कोर्टाकडे फिरकत नाहीत.

सर टॉर्ट शिकवायचे. मराठीत अपकृत्य म्हणतात, पण तो शब्द परीक्षेच्या पेपराबाहेर मी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. सोपं सांगायचं तर, कोणाच्या बेपर्वाईमुळे तुम्हाला इजा झाली, तर दिवाणी कोर्टात जायचं आणि म्हणायचं, चूक ह्याची आहे, ह्याने भरून द्यावं. आपल्याकडे असं जाऊन म्हणतं कोण? आपल्याकडे माणूस खड्ड्यात पडला की आधी त्यालाच विचारतात, ‘डोळे कुठे होते तुझे?’ त्यामुळे वकिलीत टॉर्टवर कोणाचं पोट भरत नाही. कॉलेजातल्या बाकीच्या प्राध्यापकांनी हा पेपर टाळला आणि तो सोलापूरहून नव्याने आलेल्या बिराजदारांच्या गळ्यात पडला. सरांनी तो धरला तो तीस वर्षं सोडला नाही.

ठेंगणे, रुंद खांद्यांचे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट. खिशात पेन नाही, खडू. खिशाच्या कडेला कायम खडूची भुकटी. चालताना मान खाली, नजर जमिनीवर, जसं काही हरवलंय. मुली आपसात म्हणायच्या, सर लाजतात. लाजत वगैरे नव्हते, रस्ता तपासत होते.

पहिल्या लेक्चरला त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. परदेशातली ती बाटलीत सापडलेल्या गोगलगायीची केस प्रत्येक लॉ कॉलेजात पहिल्या दिवशी शिकवतात. सर म्हणाले, ‘गोगलगाय परीक्षेत लिहा. मला जुईनगरचं सांगा, सानपाड्याचं सांगा. आज घरातनं इथपर्यंत येताना कोणी तुमचं काय बिघडवलं?’

शेवटी नितीन उठला. ‘सर, वरच्या माळ्यावरच्या बायने कुंडीला पानी घातला. सगला माझ्या डोक्यावर.’

वर्ग हसला. सर मात्र खूश झाले. त्यांनी उजवा हात वर केला. चार बोटं ताठ, अंगठा तळव्यात दुमडलेला. मग एकेक बोट दुसऱ्या हाताने धरत गेले. ‘हे पहिलं. त्या बाईंनी काळजी घ्यायला पाहिजे होती का? दुसरं. घेतली का? तिसरं. तुम्ही भिजलात ते त्यामुळंच का? चौथं. भिजून तुमचं बिघडलं काय? चारही बोटं उभी राहिली तर दावा उभा राहतो. एक जरी पडलं तरी घरी जावा.’

‘आणि अंगठ्याचं काय, सर?’ मागून कौस्तुभने विचारलं. त्याला असं मध्येच टोचायची सवय होती.

‘अंगठ्यात बाकीचं. दावा कुठल्या कोर्टात, किती मुदतीत, कुठल्या कागदावर. ते प्रक्रियेच्या पेपरात येतंय. तो माझा पेपर नाही.’

आम्ही हसलो. मी वहीत हाताचं चित्र काढलं, चार बोटांवर चार शब्द लिहिले, अंगठा कोरा ठेवला. ती वही अजून माझ्याकडे आहे. काढून बघायची हिंमत होत नाही.

सरांना टक्केवारीचं वेड होतं. आमच्यात भांडण झालं की ते दोन्ही बाजू ऐकून घेत आणि निकाल देत, ‘साठ-चाळीस’. एकदा नितीन माझी नोट्सची झेरॉक्स बसमध्ये विसरला. मी त्याला वर्गातच झापलं. सर म्हणाले, ‘करावेची ऐंशी, न्हावाशेवाची वीस. ज्याला स्वतःचा डबा सांभाळता येत नाही त्याच्या हातात नोट्स दिल्या कशाला?’ हे वेड त्यांनी स्वतःलाही लावून घेतलं होतं. एका सकाळी कॉलेजच्या जिन्यापाशी ओल्या फरशीवर ते पाय घसरून आपटले. उजवं मनगट मोडलं. फरशी पुसणाऱ्या मावशी रडायलाच लागल्या, कारण प्राचार्य त्यांच्यावर मेमो काढायला निघाले होते. सर प्लास्टर घालून आले आणि डाव्या हाताने, पहिलीतल्या पोरासारख्या अक्षरात, एक कागद लिहून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला: मी नोटीस बोर्ड वाचत चालत होतो, माझी चूक सत्तर टक्के. ओल्या फरशीचा फलक नव्हता, कॉलेजची तीस. मावशींची शून्य. मेमो निघाला नाही. दुसऱ्या दिवशी पिवळा फलक आला, तो अजून आहे.

शनिवारी लेक्चर झालं की ‘फेरी’. ज्याला यायचं त्याने यावं. नेरूळच्या सेक्टरांतून सर पुढे आणि आम्ही दहाबारा जण मागे. फुटपाथवरची डुगडुगणारी लादी, गटाराच्या चेंबरचं अर्धवट झाकण, विजेच्या डीपीतून लोंबणारी वायर, चौथ्या माळ्यावरच्या कठड्यावर नुसतीच ठेवलेली कुंडी. असं काही दिसलं की सर खिशातून खडू काढायचे आणि जमिनीवर गोल आखायचे. गोल आखून झाला की चार बोटं वर. मग आम्ही एकेकाने सांगायचं, काळजी घ्यायची कोणी, घेतली का, काय होऊ शकतं. वॉचमन हटकायचे. एका सोसायटीचे सेक्रेटरी तर अंगावर आले, ‘कोण तुम्ही? आमच्या गेटसमोर काय जादूटोणा लावलाय?’ सर शांतपणे म्हणाले, ‘साहेब, उद्या इथं कोणाचा पाय मोडला तर तुम्हाला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. मी गोल आखलाय आणि दहा साक्षीदार आणलेत.’ चार दिवसांत लादी बसली. सरांना त्याचा केवढा आनंद. शिकवून झाल्यावर इतकी उजळलेली मुद्रा मी दुसऱ्या कुठल्या प्राध्यापकाची पाहिली नाही.

फेरी संपायची ती त्यांच्या घराखाली. शैलाताई, म्हणजे सरांच्या मिसेस, स्टीलचा मोठा डबा घेऊन खाली येत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. बोलायला सरांच्या दसपट. ‘ह्यांच्यासंगं भाजी आणायला जायची सोय नाही बघा. मी मेथी निवडते आणि हे भाजीवालीच्या छत्रीचा दांडा तपासतात.’ त्या स्वतः मात्र मान वर करून, झपाझप, हातवारे करत चालायच्या. खाली बघणं माहीतच नाही. सर ओरडायचे, ‘अगं, पायाखाली बघ की.’ त्या म्हणायच्या, ‘मला काय होतंय? तुम्ही आहात की बघायला.’ आम्ही हसायचो. सरही हसायचे, पण त्यांची नजर शैलाताईंच्या पायांपुढच्या जमिनीवरच असायची.

माझी वकिलीची सनद आल्यानंतर वर्षभरात शैलाताई गेल्या.

त्यांच्या घरापासून पाच मिनिटांवर एका प्लॉटवर टॉवरचं काम निघालं होतं. बिल्डरने फुटपाथला चिकटून पायाचा खड्डा खणला होता, दोन माळे खोल, तळाला पाणी. पत्र्याचं कुंपण होतं, पण डंपर आत घ्यायला चार पत्रे काढले होते ते परत लावले नव्हते. संध्याकाळची साडेसहाची वेळ. शैलाताई फुटपाथवरून देवळातून घरी येत होत्या. कडेची माती आतून पोकळ झालेली. त्यांच्या पायाखालची लादीच खाली गेली.

दिवसकार्याला आम्ही तिघंही गेलो होतो. सर गॅलरीत खुर्चीवर बसले होते. मी जवळ जाऊन बसले. सर एकदम म्हणाले, ‘चष्म्याची डबी सापडत नव्हती. मी तिला फोन लावला. ती म्हणाली, फ्रिजवर बघा. मी गेलो. डबी फ्रिजवरच होती. सापडली म्हणून सांगायला फोन कानाला लावला तर पलीकडं कोणी नव्हतं.’

मी त्यांच्या हातावर हात ठेवून बसून राहिले.

पोलिसांनी अकस्मात मृत्यू म्हणून नोंद केली आणि फाइल बंद केली. त्या कागदात एक वाक्य होतं: ‘मयत ही मोबाईलवर बोलत चालत असताना तिचे दुर्लक्ष होऊन तोल गेल्याने.’ सरांनी त्याची झेरॉक्स काढली आणि खिशात ठेवली. ज्या खिशात खडू असायचा त्याच. पुढची अडीच वर्षं तो कागद त्या खिशात होता, घामाने पिवळा पडला, घड्यांवर फाटला, तरी तिथेच.

‘मला दुसरं काय नको,’ ते आम्हाला म्हणाले. ‘बिल्डरला तुरुंग नको. मला कोर्टाच्या सहीशिक्क्याचं एक वाक्य पाहिजे. मयताची काहीही चूक नव्हती. एवढंच. हे दुसरं वाक्य त्या पहिल्या वाक्याच्या वर जाऊन बसलं पाहिजे. फुटपाथवर माणसाला पायाखाली बघायला लागू नये, त्यालाच फुटपाथ म्हणतात. ती बरोबर चालत होती ओ. आयुष्यभर तीच बरोबर चालत होती, मीच खुळ्यागत खाली बघत होतो.’

दावा लावायचं ठरलं. वकीलपत्र नितीनचं. पण मसुदा सर स्वतः लिहिणार. ते ओघानेच आलं. महाराष्ट्रात टॉर्टचा दावा त्यांच्यापेक्षा चांगला कोण लिहिणार होतं? मी दर रविवारी त्यांच्या घरी जाऊन टाइप करायचे. नेरूळचा तो दोन खोल्यांचा फ्लॅट, गॅलरीत शैलाताईंच्या कुंड्या, सरांच्या आग्रहाने कठड्यावरून उतरवून जमिनीवर ठेवलेल्या. सर पाणी घालायचे, पण कितपत घालायचं ते त्यांना कळायचं नाही. वर्षभरात एक कढीपत्ता सोडून सगळं मेलं.

आणि सरांचं लिहिणं संपेना. पहिल्या बोटावर आठ पानं झाली. मग त्यांना वाटलं, माती आतून पोकळ होती हे नुसतं म्हणून चालायचं नाही, म्हणून ते मातीचं शास्त्र जाणणाऱ्या एका निवृत्त इंजिनियरकडे चार महिने खेटे घालत राहिले. फुटपाथची रुंदी फूटपट्टीने मोजली, दर सहा इंचांवर. पत्रे कधी निघाले हे सांगणारा इस्त्रीवाला शोधला, तो गावी गेला होता, त्याची वाट पाहिली. फोन कानाला असला म्हणून माणसाच्या पायाखालची लादी धसत नाही, हे एवढंसं सांगायला अकरा पानं लिहिली. ती अकरा पानं त्यांनी माझ्याकडून सोळा वेळा टाइप करून घेतली. एका मसुद्याच्या समासात पेन्सिलने टक्के लिहिले होते. बिल्डर: शंभर. शैला: शून्य. खाली आणखी एक ओळ, ‘फोन करणारा:’ आणि पुढे काहीच नाही. मी ती ओळ टाइप केली नाही आणि त्याबद्दल विचारलंही नाही.

आता जे सांगायचंय ते सांगते. ह्याचसाठी तर लिहायला बसले.

शैलाताईंना जाऊन एक वर्ष दहा महिने झाले होते. रविवार होता. मी टाइप करता करता सहज म्हणाले, ‘सर, मुदतीचं काय? उशीर तर नाही ना होत?’

सर चष्मा पुसत होते. मान वर न करता म्हणाले, ‘कशाला टेन्शन घेताय ओ, न्हावाशेवा? तीन वर्षं आहेत की.’

आणि मी मान डोलावली. बस, एवढंच केलं मी. मान डोलावली आणि पुढचा परिच्छेद टाइप करायला घेतला.

कोणा परक्या पक्षकाराचा दावा असता तर मी आधी मुदतीच्या कायद्यातला तक्ता उघडला असता, कुठला दावा किती वर्षांत लावायचा तो, मग चहा प्यायले असते. कुठलाही वकील तेच करतो. नितीनही करतो. पण सरांचं उत्तर तपासायचं? ज्यांनी आम्हाला चार बोटं शिकवली त्यांना पुस्तक उघडून दाखवायचं? मला तो आगाऊपणा वाटला. नितीनला वाटलं, मी रोज बसते सरांसोबत, मी बघितलंच असेल. मला वाटलं, वकीलपत्र नितीनचं आहे, त्याने बघितलंच असेल. आणि आम्हा दोघांनाही वाटलं, सरांना माहीतच असेल. तक्ता उघडायला दोन मिनिटं लागतात. तेव्हा दोन महिने हातात होते.

दोन वर्षं चार महिन्यांनी दावा दाखल झाला. चौसष्ट पानं. नितीन फाइल हातात घेऊन म्हणाला, ‘सर, असा दावा या कोर्टान कोनी आनला नसंल. तुमी आता निवांत रावा.’ नुकसानभरपाईचा आकडा लिहावाच लागतो, तो सरांनी नितीनला टाकायला सांगितला आणि वाचलाही नाही. त्या दिवशी सरांनी कित्येक महिन्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कोर्टाच्या पायऱ्यांवरची एक लादी हलत होती. सर थांबले, खिशातून खडू काढला, गोल आखला. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, चला, माणूस परत आला.

बिल्डरच्या वतीने कौस्तुभ उभा राहिला.

आयटी सोडून तो एका मोठ्या वकिलांच्या ऑफिसात लागला होता आणि बिल्डर त्या ऑफिसचा जुना पक्षकार. तारखेच्या आधी तो कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर आमच्याकडे आला. सरांच्या पाया पडला. चेहरा काळवंडलेला.

‘सर, मी ही केस सोडतो म्हणून सांगितलं होतं. नाही सोडू दिली.’

‘सोडायची कशाला? तुमचं काम आहे ते.’

‘सर, मुदतीचा मुद्दा आहे.’ माझ्याकडे बघत म्हणाला, ‘इजेच्या दाव्याला तीन वर्षं. पण माणूस दगावला आणि घरच्यांनी दावा लावला तर मुदत दोन वर्षं. मृत्यूच्या तारखेपासून. तक्त्यात वेगळी नोंद आहे त्याची. आणि दाव्याला उशीर झाला तर माफीचा अर्जही चालत नाही.’

टपरीवर कोणी तरी हसत होतं, कप आपटत होते. नितीनने हातातला ग्लास खाली ठेवला. आम्ही दोघांनी सरांकडे बघितलं, दोघांचीही अजून आशा, की सर चार बोटं वर करतील आणि म्हणतील, महापे, खाली बसा, चुकताय तुम्ही.

सर म्हणाले, ‘बरोबर आहे. दोन वर्षं.’ आणि मग, ‘हा मुद्दा तुम्ही घ्या, महापे. नाही घेतला तर पक्षकाराशी बेपर्वाई होईल. मग तुमच्यावर दावा लागायचा.’

ते खरंच हे गंभीरपणे सांगत होते. शिकवत होते. कौस्तुभ मान खाली घालून तिथून गेला.

निकाल सव्वा पानाचा होता. दावा मुदतबाह्य असल्याने फेटाळण्यात येत आहे. खड्डा, पत्रे, माती, इस्त्रीवाला, लादी, फोन, ह्यातलं एकही अक्षर त्यात नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. न्यायाधीशांना चौसष्ट पानं वाचावी लागलीच नाहीत, फक्त दोन तारखा वाचाव्या लागल्या. शैलाताईंबद्दल सरकारी कागदावर आता कायमचं एकच वाक्य उरलं, त्या मोबाईलवर बोलत होत्या आणि त्यांचं दुर्लक्ष झालं.

कोर्टाबाहेर आम्ही बाकावर बसलो. नितीन रडत होता, उघड, शर्टाच्या बाहीने नाक पुसत. ‘सर, अपिलान जाऊ. मी बगतो काय ता. माझी चूक हाय ही.’

‘अपिलात लिहिणार काय, करावे? निकाल बरोबर आहे.’ सरांचा आवाज वर्गातल्यासारखाच होता. उजवा हात मांडीवर, चार बोटं पसरलेली. ‘चारही बोटं उभी होती ओ. कर्तव्य होतं, मोडलं होतं, त्यामुळंच गेली, आणि गेलीच. एक पण पडलं नव्हतं.’ मग डाव्या मुठीत त्यांनी उजवा अंगठा धरला आणि तो तसाच धरून बसले.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, ‘सर, आमची पण आहे बेपर्वाई. मी तरी बघायला पाहिजे होतं. मी विचारायला पाहिजे होतं.’

सरांनी माझ्याकडे बघितलं. ‘तुम्ही विचारलं होतं की, न्हावाशेवा. एका रविवारी. मीच चुकीचं उत्तर दिलं.’ आणि मग, निकाल सांगायच्या सुरात, ‘शंभर-शून्य. माझी शंभर. तीस वर्षं पोरांना सांगत आलो, तो माझा पेपर नाही. एकदा उघडून बघितला असता तर काय बिघडलं असतं?’

हे वाक्य त्यांनी मला माझं ओझं हलकं करायला म्हटलं होतं, मला माहीत आहे. पण त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. मी विचारलं होतं, म्हणजे मला शंका आली होती. शंका आली आणि मी गप्प बसले. ह्याला सरांच्या वर्गात काय म्हणतात ते मला पाठ आहे.

त्यानंतर सर निवृत्त झाले. निरोप समारंभ नको म्हणाले. फेरी तर आधीच बंद पडली होती. त्यांच्या जागी आलेल्या मॅडम स्लाइडवर शिकवतात, गोगलगायीचं चित्र असतं म्हणे. सोलापूरला भाऊ आहे, तो न्यायला आला होता, सर गेले नाहीत. मी फोन करायचे. ‘जेवलात का सर?’ ‘जेवलो.’ ‘बरं आहे ना?’ ‘बरं आहे.’ मग मीही फोन कमी केले. खरं सांगायचं तर मला त्यांच्याशी बोलायची भीती वाटायला लागली होती.

शेवटचे दिसले त्याला आता दीड महिना झाला. सकाळचे दहा वाजले असतील. मी नेरूळला एका पक्षकाराकडून कागद घेऊन निघाले होते, बेलापूरला अकराची तारीख होती. तो टॉवर आता उभा राहिलाय. खाली कारंजं आहे, खड्डा होता तिथे कुंड्यांची रांग आहे. पलीकडच्या फुटपाथवर सर दिसले. आधी ओळखलंच नाही. मान वर. नजर समोर. सर असे कधी चालायचे नाहीत, शैलाताई असं चालायच्या. आणि त्यांच्या पुढे दहा पावलांवर चेंबरचं झाकण उघडं होतं. कोणी तरी त्यात झाडाची एक फांदी खोचून ठेवली होती, तीही आडवी झाली होती.

मी ओरडले. ‘सर, थांबा.’ गाड्यांच्या मधून कशी पलीकडे गेले मला आठवत नाही. सर चेंबरच्या एक पाऊल अलीकडे उभे होते. मी त्यांचा दंड घट्ट धरला. दंडात काही उरलं नव्हतं.

‘सर, समोर चेंबर उघडा आहे.’

‘हो,’ ते म्हणाले. ‘दिसला मला.’

‘मग?’

‘मग काय ओ. दिसून काय करायचंय.’

शर्टाचा खिसा सपाट होता. खडू नव्हता, तो कागदही नव्हता. मी त्यांना वळसा घालून पुढे नेलं, घराखालपर्यंत सोडलं. गेटपाशी सर म्हणाले, ‘चला तुम्ही. तारीख असेल. तारीख चुकवू नका.’ आणि जिना चढायला लागले. पायऱ्यांकडे न बघता, समोर भिंतीकडे बघत, एकेक पाय टाकत. पहिल्या वळणावर दिसेनासे झाले. चपलांचा आवाज दुसऱ्या माळ्यापर्यंत ऐकू आला, मग दार लागलं.

मी परत त्याच रस्त्याने आले. चेंबर तसाच उघडा होता. एक बाई पोराला शाळेत घेऊन चालली होती, तिने पोराचा हात ओढून त्याला बाजूला घेतलं. मी थांबले. काळजी कोणी घ्यायला पाहिजे, घेतली का, काय होऊ शकतं, मला सगळं येत होतं. खडू मिळेल असं स्टेशनरीचं दुकान कोपऱ्यावरच होतं. घड्याळात साडेदहा झाले होते. मी रिक्षा केली आणि कोर्टात गेले.